कोरी नोट

नागोया,
10 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीचा फराळ पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, पण तो दह्यात कालवून खाल्ला, म्हणजे वाया काहीच गेले नाही. आईच्या प्रश्नांची उत्तरे एकदाच लिहून ठेवतो: स्वयंपाक मी घरीच करतो, तूरडाळ इथल्या भारतीय दुकानात मिळते आणि फोटोत मी बारीक दिसतो तो केस कापल्यामुळे. ऑगस्टमधला मोठ्या भूकंपाचा इशारा आठवड्यानेच मागे घेतला होता, त्याला आता तीन महिने होतील. तेव्हा बातम्या पाहून रात्र जागवण्याचे कारण नाही.

लिहायला बसलो ते निराळ्याच कारणाने. माझ्या शेजारी बसणाऱ्या वरिष्ठ सहकाऱ्याचे वडील गेल्या महिन्यात वारले. इकडे अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी लोक दर्शनाला जातात, त्याला त्सुया म्हणतात, आणि जाताना पाकिटात घालून पैसे न्यायचे असतात, ते कोदेन. सहकाऱ्याच्या घरी पाच हजार येन पुरतात असे कळल्यावर मी मुद्दाम बँकेत जाऊन कोरी करकरीत नोट आणली; जुलैत इथे नव्या चित्रांच्या नोटा निघाल्या, त्यातलीच एक. आहेराच्या पाकिटासाठी बाबा कपाट उपसून नवी नोट शोधत आणि वर एक रुपयाचे नाणे घालत, ते मनात होते. ऑफिसातल्या एका वयस्कर बाईंनी माझ्या हातातली नोट पाहिली, अवाक्षर न बोलता पर्समधून घड्या पडलेली जुनी नोट काढून माझ्यापुढे ठेवली आणि माझी नवी घेऊन त्या जागेवर गेल्या.

अर्थ मला संध्याकाळी कळला. कोरी नोट न्यायची म्हणजे तुम्ही आधीच तयारीत होतात, जणू या मृत्यूची वाटच पाहत होतात; वापरलेली नोट म्हणजे बातमी ऐकली आणि हाताशी होते ते घेऊन धावत आलात. नवीच नोट असेल तर निदान मधोमध एक घडी पाडायची. पाकिटावरचे नाव पातळ, करड्या शाईने लिहायचे, कारण शाईत आसवे मिसळली असे समजायचे, आणि त्यासाठी तशा शाईचे पेन दुकानात तयार मिळते. पाकिटाच्या मागची वरची घडी खालच्या घडीवर यावी लागते, लग्नात नेमकी उलट. लग्नाला नोटा कोऱ्याच हव्यात, आणि रक्कम दोनांत विभागली जाऊ नये म्हणून मित्र तीस हजार देतात. आता तीस हजाराचे दोन भाग होत नाहीत हे गणित मला अजून उमगलेले नाही, पण तीन नोटा म्हटले की पटते. कोदेनच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू त्या घरून परत येते, हेही नंतर समजले.

न बोललेले ओळखण्याला इकडे 'हवा वाचणे' म्हणतात. कामाच्या बोलण्यात कुणी 'चोत्तो...', म्हणजे 'जरा...', एवढेच म्हणून थांबला, तर तो नकार असतो. पहिले सहा महिने मी त्यापुढच्या वाक्याची वाट पाहत बसे.

त्सुयाहून निघताना मात्र मी नुसती मान लववली आणि बाहेर पडलो. समोरच्या वाड्यातले आजोबा गेले तेव्हा मी दारात 'येतो' म्हणणार इतक्यात बाबांनी माझा हात दाबला होता. तेवढी एक गोष्ट इथे कुणी मला शिकवण्याची गरज पडली नाही.

आता घरचे. कराडच्या स्थळाबद्दल मी 'बघू' म्हणालो, तेव्हा आई 'बरं' म्हणाली आणि गॅसवर दूध आहे असे सांगून तिने फोन ठेवला. त्या लोकांना माझ्यासाठी ताटकळत ठेवू नये, पत्रिका परत करावी. मी एप्रिलअखेरच्या सुट्टीत येतो आहे, तेव्हा समोर बसून बोलू. गेल्या वर्षीही हेच म्हणालो होतो, हे लक्षात आहे. ताईची ओवाळणी तिच्या खात्यात टाकली आहे, ती कमी वाटली तर तिने मला भांडावे, तुम्हाला नको.

बाबांच्या खात्यात 1,20,000 रुपये पाठवले आहेत. घाई नव्हती असे बाबा म्हणतील, म्हणून आधीच लिहितो की ते माडीच्या स्लॅबसाठी आहेत. लक्ष्मीपूजनाच्या फोटोत बाबा रात्रीच्या वेळी काळा चष्मा लावून बसले होते आणि त्याआधीचे आठ-दहा दिवस त्यांचा फोन आईच उचलत होती. तुम्ही काही सांगितले नाहीत, म्हणून मीही विचारले नाही. फक्त स्लॅबचे काम संपेपर्यंत बाबांनी वाकून जड काही उचलू नये, धूळ डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि आईने थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

तुमचा,
धाकटा