दोन दिवसांत पुरावा संपवणारा वकील

महोदय,

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी गुन्हेगारांवर जर्मनीत चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यांतील अखेरचे हयात सरकारी वकील बेंजामिन फेरेन्झ यांचे ७ एप्रिल २०२३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या १०३ व्या वर्षी निधन झाले. ‘नाझींना फासावर चढवणारा वकील’ अशी त्यांची ओळख करून देणे सोपे असले, तरी ती अपुरी आणि काहीशी चुकीचीही आहे. जिल्हा न्यायालयात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या वकिलाला त्यांचे मोठेपण दुसऱ्याच ठिकाणी दिसते.

आजच्या रोमानियातील ट्रान्सिल्व्हानियात जन्मलेले फेरेन्झ तान्हे असतानाच त्यांचे ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील जोडे शिवणारे कारागीर. तिथे ते काम मिळेना, म्हणून इमारतीची झाडलोट आणि राखण करू लागले. हार्वर्डमधून १९४३ साली कायद्याची पदवी घेऊन मुलगा सैन्यात भरती झाला, तो विमानविरोधी तोफांच्या तुकडीत. पुढे जनरल पॅटन यांच्या तिसऱ्या सेनेत युद्धगुन्ह्यांचा तपास त्यांच्याकडे आला. बुखेनवाल्ड, माउटहाउझेन अशा छळछावण्यांत शिरल्यावर प्रेतांच्या राशींमधून वाट काढत कचेरी गाठायची आणि तिथली रजिस्टरे आधी ताब्यात घ्यायची, हे या सार्जंटचे काम होते. कागदाची किंमत त्यांना तिथेच कळली असावी.

युद्धानंतर बर्लिनमध्ये त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती ‘आइनझात्सग्रुपेन’ या नाझी मारेकरी पथकांचे गुप्त अहवाल लागले. अमुक तारीख, अमुक गाव, इतके ज्यू मारले, असा तो सरकारी खाक्यातला हिशेब होता. फेरेन्झ बेरजेच्या यंत्रावर आकडे मिळवत बसले आणि दहा लाखांवर गेल्यावर थांबले. नवा खटला चालवायला माणसे आणि पैसा नाही, असे वरिष्ठ टेलफर्ड टेलर यांनी सांगितले, तेव्हा हातातले काम सांभाळून तोही मी चालवतो, असे म्हणून त्यांनी तो अंगावर घेतला. वय २७, आणि आयुष्यातला हा पहिलाच खटला! पथकांत माणसे सुमारे तीन हजार होती, पण आरोपी निवडले २४, कारण आरोपींच्या कक्षात बसायला जागाच तेवढी होती.

वकील मंडळींनी थांबून पाहावे असा भाग इथे आहे. फेरेन्झ यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही. आरोपींच्याच खात्याचे कागद न्यायालयापुढे ठेवून त्यांनी फिर्यादी पक्षाचे काम दोन दिवसांत संपवले. उलटतपासणीत साक्षीदार फुटतो, पण स्वतःच्या कचेरीने पाठवलेला अहवाल आरोपीने नाकारायचा कसा? अखेरपर्यंत खटला चाललेले २२ ही आरोपी दोषी ठरले आणि १४ जणांना फाशीची शिक्षा झाली, त्यांपैकी चौघांचीच अमलात आली. फेरेन्झ यांनी मात्र फाशी मागितलीच नव्हती. चोवीस जणांच्या जिवाने दहा लाखांची भरपाई होत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१९४६ साली गर्ट्रूड यांच्याशी विवाह करून ते जर्मनीला गेले, ते छळातून वाचलेल्यांच्या मालमत्ता आणि भरपाईच्या कामात दहा वर्षे तिथेच गुंतले. त्यांची चारही मुले न्यूरेंबर्गमध्येच जन्मली. ज्या देशाने आपल्या लोकांचा संहार केला, त्याच देशात पाळणा बांधायला त्या माउलीलाही धीर लागलाच असेल. हा संसार ७३ वर्षांचा झाला. २०१९ मध्ये त्या गेल्या.

‘युद्ध नको, कायदा हवा’ हे त्यांचे पालुपद होते. त्याचसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पाठपुरावा करत राहिलेल्या फेरेन्झ यांनी २०११ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, हेग येथे त्या न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात अभियोग पक्षाच्या अंतिम युक्तिवादात भाषण केले. आरोप होता लहान मुलांना सैन्यात ओढल्याचा. अमेरिकेने या न्यायालयाच्या करारावर सही केली, पण मान्यता दिली नाही. भारताने तर सहीही केलेली नाही. त्यामागची कारणे काहीही असोत, निदान आइनझात्सग्रुपेन खटल्याची सविस्तर हकीकत आपण रविवारच्या पुरवणीत छापावी, अशी विनंती आहे. तालुक्याच्या कोर्टात पहिले वकीलपत्र दाखल करणाऱ्या मुलामुलींना ती वाचायला मिळेल.

— एक निवृत्त वकील, सातारा