दगड ओले राहू देत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. घर बदलताना तुझी 60 लिटरची कोरलची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी दहा तासांच्या मोटारप्रवासात न्यायची आहे आणि निम्मे पाणी उपसून बाकी सगळे आहे तसे मागच्या सीटवर ठेवले तर चालेल का, असे तू विचारले आहेस. अजिबात चालणार नाही. निम्मे म्हटले तरी 30 किलो पाणी, त्यात दगड आणि वाळू. हे सगळे वजन प्रत्येक वळणाला हिंदकळत काचेच्या सिलिकॉनच्या सांध्यांवर येईल, आणि एक दगड घसरला तरी खाली काय दबले हे तुला पोहोचल्यावरच कळेल. वाळूसुद्धा काढून, टाकी पूर्ण रिकामी करूनच न्यायची.

मी स्वतः ही कसरत केली तेव्हा माझा सगळा जीव दोन क्लाउनफिशमध्ये अडकला होता. ते सुखरूप पोहोचले. चूक झाली ती वाळूत. रात्री अकरा वाजता नव्या घरी पोहोचलो, अंग मोडून आले होते, म्हणून तीन वर्षांची जुनी वाळू न धुताच टाकीत ओतली. ओततानाच सडक्या अंड्यांसारखा वास आला होता आणि तरीही मी थांबलो नाही, याची चुटपुट अजून आहे. वाळूच्या खालच्या थरात ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठते आणि वर्षानुवर्षांचा गाळ दबून असतो. एरवी तो निवांत पडून राहतो, पण ढवळला की सगळा पाण्यात येतो. पाणी ताकासारखे पांढरे झाले, तिसऱ्या दिवशी विषारी अमोनियाच्या चाचणीची पिवळी राहायला हवी ती नळी हिरवीगार झाली, आणि माझी कोळंबी, जी हात पाण्यात घातला की नखे साफ करायला यायची, ती उताणी पडलेली सापडली. तू एकतर वाळू टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात निवळ पाणी येईपर्यंत खळबळून घे, नाहीतर सरळ नवी घाल.

खरे जपायचे असतात ते दगड. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्यांच्या छिद्रांत राहतात. मासे वाचवून दगड सुकू दिले, तर नव्या जागी तू मासे एका मेलेल्या टाकीत सोडशील. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दगड नेणारे लोक आहेत आणि थोड्या अंतरासाठी ते निभते, पण दगडांवरचे स्पंज हवेत आले की बहुधा मरतात आणि सडून पुन्हा अमोनियाच तयार करतात. म्हणून झाकणाच्या बादल्यांत, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून ने. त्या बादलीत मासा मात्र ठेवू नकोस, दगड कलंडला की संपलेच.

कोरल काढताना घाई करू नकोस. तुझ्याकडे लांब बोटांसारख्या शुंडकांचे युफिलिया आहे. ते फुललेले असताना उचललेस तर त्याचे मऊ मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारदार कडांवर फाटते. आधी दिवा बंद कर, मग हाताने त्याच्यावर पाण्याची हलकी झुळूक सोडत राहा. एकेक शुंडक आखडत जाईल, आणि शेवटी सांगाड्याच्या खाचांत फक्त फुगीर कडा उरेल, तेव्हा ते तळाच्या दगडाला धरून उचल. प्रत्येक कोरल वेगळ्या पिशवीत ठेव, कारण ती एकमेकांना डसतात. लहान तुकडे थर्माकोलच्या चकतीला उलटे अडकवून पिशवीत तरंगत ठेवले की मांस प्लास्टिकला घासत नाही. झोअँथिड, म्हणजे बटणांसारखी दिसणारी कोरलची भावंडे, हाताळताना हातमोजे घाल आणि डोळ्यांना हात लावू नकोस. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते.

माशांना आदल्या दिवसापासून खायला घालू नकोस, म्हणजे पिशवीतले पाणी कमी घाण होईल. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, दुहेरी बांधणी, आणि थर्माकोलच्या पेटीत अंधार. वाटेत पिशवी उघडून पाहण्याचा मोह आवर. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तेच पाणी माशाला जाळू लागते. त्यामुळे पोहोचल्यावरही पिशवी बंद ठेवूनच तरंगवायची, तापमान जुळले की उघडायची आणि मासा लगेच टाकीत सोडायचा. पिशवीतले पाणी फेकून द्यायचे. पाण्याचा खारेपणा तुझ्याच टाकीचा असेल, तर थेंब थेंब पाणी मिसळत तासभर बसण्याची गरज नाही.

पेट्या डिकीत नकोत, माणसांबरोबर गाडीत असू देत, आणि एसीचा झोत थेट त्यांच्यावर येऊ देऊ नकोस. 25 अंशांच्या आसपास राहिले की पुरे. जुन्या पाण्यापैकी जमेल तेवढे ने, शिवाय आदल्या दिवशी कालवून ठेवलेले, 1.025 घनतेचे एक बादलीभर नवे खारे पाणी बरोबर असू दे, कारण काही ना काही सांडतेच. नव्या घरी खाट लावण्याआधी टाकी लाव: दगड, पाणी, हीटर, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), मग कोरल आणि शेवटी मासे. दिवा पहिले काही दिवस मंदच ठेव, आणि आठवडाभर रोज अमोनिया तपास.

तुझा मित्र

ता. क. शंखवासी खेकडे आणि गोगलगायी एका डब्यात भरू नकोस. दहा तास अंधारात, भुकेले आणि समोर आयता शंख, म्हणजे काय होईल ते मी पाहिले आहे.