ब्रुनोच्या फोटोबद्दल थोडं

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाला. गाडीत तुमचा कुत्रा ब्रुनो तुझ्या मांडीवर, त्याचे पुढचे दोन्ही पाय स्टिअरिंगवर आणि खाली तुझी ओळ, ‘आमचा नवा ड्रायव्हर’. सगळ्यांनी बदाम धाडले, मी मात्र गप्प राहिलो, म्हणून तू फुरंगटलास असं वहिनी म्हणाल्या. फोनवर बोललो असतो तर ‘अरे, हळूच चालवतो मी’ म्हणून तू विषय उडवून लावला असतास. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

आधी तुझं ‘हळूच’ घेऊ. ताशी 50 किलोमीटर म्हणजे तुझ्या हिशेबी रांगणं. पण त्या वेगात गाडी कशाला धडकली तर थांबते ती गाडी. आत जे बांधलेलं नाही ते त्याच वेगाने पुढे जात राहतं. त्या वेगाने आपटणं आणि दहा मीटरवरून, म्हणजे जवळपास तिसऱ्या मजल्यावरून पडणं, यांत फरक नाही. ब्रुनो वीसेक किलोचा असेल. त्याला अर्ध्या मीटरच्या आत थांबवायचं तर सरासरी 400 किलोच्या वजनाइतका जोर लागतो. ‘मी धरते ना त्याला’ असं वहिनी म्हणतात, पण हे धरणं कुणाच्याच हातचं नाही. तो मागे बसलेला असला तरी सुटका नाही, कारण मग तो थेट पुढच्या माणसाच्या मानेवर येतो.

मांडीवर बसवणं तर याहून वाईट. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. सीटबेल्ट लावलेला माणूस ठरावीक अंतरावर बसला आहे, असं धरून ती बसवलेली असते. ती आणि तुझी छाती यांच्या मध्ये ब्रुनो असला तर त्याचं काय होईल ते मी लिहीत नाही. त्याच्या हाडांचा मार तुलाही बसेल, एवढंच सांगतो. शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग असते, तेव्हा त्याची जागा मागेच.

बरं, धडक दूरची गोष्ट झाली. रोजचा धोका साधाच आहे. ताशी 60 ने जाताना गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. मागे काहीतरी धडपडलं म्हणून तू दोन सेकंद मान वळवलीस की तेहतीसेक मीटर रस्ता न बघता गेला. करकचून ब्रेक मारलास तर ब्रुनो सीटवरून घसरून पायांशी येऊ शकतो, आणि पॅडलखाली कुत्रं अडकलं की ब्रेक पुरता दाबला जात नाही. मांजराचं याहून कठीण. घाबरलेलं मांजर अंधारी, अरुंद जागा शोधतं, आणि अशी जागा नेमकी तुझ्या पायांपाशी असते.

खिडकीतून डोकं बाहेर काढतो तेव्हा ब्रुनो पुढचा पाय कुठे टेकवतो ते एकदा नीट बघ. दाराच्या आतल्या कडेवर, नेमका काचेच्या बटणांवर. पंजाचा भार पडला की काच सरसर खाली. काही गाड्यांत बटण दुसऱ्या बाजूने दाबलं गेलं की वरही येते, आणि तेव्हा मान बाहेर असते. तुझ्या बाजूला काचा लॉक करायचं बटण असेल, ते आजच शोध. वाऱ्याबरोबर येणारी धूळ, खडे, किडे डोळ्यांत जातात ते वेगळंच.

सगळ्यात कमी बोललं जातं ते अपघातानंतरचं. काच फुटते, कुणीतरी मदतीला येऊन दार उघडतं, आणि भेदरलेलं कुत्रं त्या फटीतून भर रहदारीत सुटतं. नाहीतर ते जखमी मालकापाशी दात विचकून उभं राहतं आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. जिथे एकेक मिनिट मोलाचं, तिथे ब्रुनोला कोण आवरणार?

आता तुझं हुकमी उत्तर, ‘त्याला मोकळं आवडतं रे.’ मला हे पटत नाही. वळणावर त्याच्याकडे बघ. चारही पाय फाकवलेले, नखं सीट कव्हरवर घसरतायत, प्रत्येक ब्रेकला तोल सावरतोय. याला मजा म्हणत नाहीत. नीट बांधलेली कुत्री बहुतेक वेळा थोड्या वेळाने आडवी होऊन झोपतात.

ब्रिटनच्या हायवे कोडमधला 57 वा नियम सांगतो की कुत्रा असो वा दुसरा प्राणी, गाडीत नीट बांधून किंवा बंदिस्त ठेवा. जर्मनीत कायद्याच्या नजरेत तो चक्क माल, आणि माल पक्का बांधायचाच. ब्रुनोला माल म्हटलेलं तुला झोंबेल, पण मालाची सोय त्याच्यापेक्षा बरी आहे.

तेव्हा हार्नेस घे, छातीवर रुंद पट्टे असलेला. गळपट्ट्याला दोरी बांधून सीटला अडकवू नकोस, झटका थेट मानेला बसतो. बांधायचा पट्टा आखूड हवा: बसता-लोळता यावं, पुढच्या सीटपर्यंत पोचता येऊ नये. आणि फिरायला नेतोस तो हार्नेस चालणार नाही, त्याच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा धडकेत टिकायच्या नाहीत. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टीने 2013 मध्ये सुबारू या कार कंपनीबरोबर कुत्र्यांच्या बाहुल्या बसवून गाडीसाठीचे हार्नेस तपासले, तेव्हा त्यांच्या मते पुरेसं संरक्षण देणारा एकच निघाला. म्हणून पाकिटावरच्या ‘मजबूत’ या शब्दावर भुलू नकोस, धडकेची चाचणी झाली आहे का ते वाच. पिंजरा घेतलास तर तोही गाडीला पक्का बांधायचा, नाहीतर तोच उडतो. तुमच्या बोक्याची पेटी लहान आहे, ती पुढच्या सीटच्या मागे खाली जमिनीवर घट्ट बसेल.

पहिले काही दिवस ब्रुनो कुरकुरेल. हार्नेस आधी घरात घाल, मग उभ्या गाडीत, मग एखादी छोटी चक्कर.

पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीच्या रुंद भागाभोवती टेप गुंडाळ आणि माप कळव. वजन मात्र नव्याने कर, अंदाजपंचे नको. हार्नेस माझ्याकडून, मागवायचं मी बघतो.

वहिनींना नमस्कार, चिऊला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत