सिंगापुरातला नाताळ

मोर्शी तालुका
१ डिसेंबर

प्रिय बाळा,
प्रेमाचा सलाम.

घामाच्या धारांत नाताळ कसला, असं तू लिहिलंस. अरे, मे महिन्यात ४५ अंशांत वाढलेला तू, तिथल्या ३०-३१ ला काय भ्यायचं? खरी खोडी काढते ती हवेतली ओल. आपल्याकडे डिसेंबरची हवा खडखडीत कोरडी, चिवडा परातीत उघडा राहिला तरी कुरकुरीत. तुमच्या बेटावर नेमका हाच महिना पावसाचा. म्हणून प्रमाणं आपलीच ठेव, वाळवणं आणि डब्ब्यात भरणं तेवढं बदल.

आधी संत्र्याच्या सालींचं बघ, त्या आठवडाभर आधी करता येतात. तिथं मँडरीन म्हणून मिळतात ती आपल्या संत्र्याचीच जात. ६ फळांच्या साली घे, आतला पांढरा भाग चमच्यानं खरवड आणि बारीक चीर. गंजात पाणी घालून ५ मिनिटं उकळ, ते पाणी फेक, असं तीनदा. एकदाचं जरी टाळलंस तरी केक कडू होतो. मग २५० ग्रॅम साखर आणि एक वाटी पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, साली काचेसारख्या दिसेपर्यंत. सारखं ढवळू नको, पाक साखरतो. इथं त्या दोन दिवस उन्हात टाकल्या की झालं. तिथं उघड्यावर ठेवल्यास तर वाळायच्या सोडून पाझरतील, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. ओव्हन ९० अंशांवर, दार किंचित उघडं, तासभर.

केकसाठी (८ इंची भांडं) बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅम, ब्राऊन साखर २५०, अंडी ५, मैदा २७५, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, थोडी दालचिनी-जायफळ, मनुका-खजूर-साली मिळून ५०० ग्रॅम. सुका मेवा संत्र्याच्या १५० मिली गरम रसात भिजव, पण भांडं फ्रिजमध्येच आणि एकच रात्र. बाहेर ठेवलास तर ३० अंशांत रस आंबतो, फेस येतो. आपल्याला इथं लोणी मऊ करायला उन्हात ठेवावं लागतं, तुझं उलट होईल. दहा मिनिटांत ते तेलकट होतं, मग कितीही फेटलं तरी हवा धरत नाही आणि केक विटेसारखा जड बसतो. बोट दाबल्यावर खळगा पडेल पण चकाकी येणार नाही, तेवढंच मऊ हवं. भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेव. अंडी मात्र फ्रिजमधली गार घालू नको, मिश्रण फाटतं. मेवा निथळून दोन चमचे मैद्यात घोळव. भांड्याला आतून दुहेरी कागद लाव, १५० अंशांवर दोन तास, मग सुई घालून बघ. वरून आयसिंगचा हट्ट नको, दमट हवेत ते वाळत नाही. रसातला केक तिथं बाहेर ठेवला की चार-पाच दिवसांत बुरशी धरू शकतो, म्हणून कागद आणि फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव. खायच्या आधी दोन तास बाहेर काढ, पण गुंडाळलेलाच. लगेच उघडलास तर वर दव जमतं.

आता करंज्या. यंदा खसखस पाठवत नाही, मागूही नको, दुसऱ्या कुणाबरोबर नेऊही नको. सिंगापुरात तिच्यावर बंदी आहे, अमली पदार्थांच्या नियमात येते. त्याऐवजी भाजलेले तीळ दोन मोठे चमचे. सुकं खोबरं २५० ग्रॅम, पण आधी वास घे, उष्णतेत ते खवट होतं. ओलं नारळ तिथं ढीगभर मिळेल, त्याच्या मोहात पडू नको, दुसऱ्या दिवशी सारण आंबेल. ५० ग्रॅम रवा भाजून घे. सगळं पूर्ण गार झाल्यावरच १७५ ग्रॅम पिठीसाखर मिसळ, नाहीतर गोळे होतात. पारीला २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, चार मोठे चमचे कडकडीत मोहन. दुधाऐवजी पाण्यानं भिजव. लाटलेल्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली ठेव, एसीत कडा सुकतात आणि करंजी तेलात उघडते. एक उघडली की सारण जळून अख्खं तेल काळं. आच मंद-मध्यम. घाईनं मोठी केलीस तर रंग येतो, पण आतला ओलावा जात नाही आणि संध्याकाळी करंजी पोळीसारखी. एसीच्या खोलीत दोन-तीन तास गार होऊ दे आणि मग एका मोठ्या डब्ब्याऐवजी तीन-चार छोट्यांत भर, प्रत्येक उघडझापीत ओल शिरते. तरी मऊ पडल्या तर १२० अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये.

झाडाचं म्हणशील तर तोडलेलं फर महाग आणि उष्णतेत लवकर झडणारं. आणलंच तर बुंध्याचा २ सेंटीमीटर तुकडा कापून लगेच पाण्यात ठेव, राळेनं तोंड बंद होतं आणि मग ते पाणी पीत नाही. एसीचा झोत त्यावर नको. माझं ऐकशील तर कुंडीतलं अरॉकेरिया घे. आपल्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं तेच, मूळचं नॉरफोक बेटावरचं, वर्षानुवर्षं टिकतं. सजावट हलकी कर, वजनानं फांद्या वाकतात.

कागदाची चांदणी बाल्कनीत लावू नको, खळ सुटेल. प्लास्टिकच्या शीटची कर. दिव्यांची माळ इथली चालेल, दाब तिथंही २३० व्होल्टच; पण पिना तीन चौकोनी, तेव्हा अडॅप्टर घे, कोंबाकोंबी नको. बाहेरची माळ पावसात चालणारीच हवी आणि वायरला जोडाच्या आधी खाली झोळ ठेव, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. आणि हो, मित्र येतील तेव्हा मटणाचा गंज दोन तासांवर बाहेर ठेवायचा नाही.

इथली रात्रीची उपासना साडेअकराला सुरू होईल तेव्हा तुझ्याकडे दोन वाजलेले असतील, जागत बसू नको. सकाळची आटोपून आम्ही साडेअकराला फोन लावू, म्हणजे तुझे दोन. तेव्हा त्या करंज्यांपैकी एक कॅमेऱ्यासमोर मोड, आवाज ऐकू आला पाहिजे.

तुझी आई