आईवडिलांच्या आजारपणासाठी रजा हवी

संपादक साहेब,
२०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, चांगलंच आहे, पण अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी खाजगी नोकरीत कायद्याने अशी रजाच नाही, मग डायपर बदलून, औषधं देऊन लोकल पकडायची आणि मीटिंगमध्ये सगळं लक्ष फोनकडे, काम धड होणार कसं सांगा? निदान महिनाभराची तरी रजा सरकारने कायद्यात आणावी.

आणि लिव्हिंग विलबद्दल, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याबद्दल, घरात बोला हो, प्लीज. सुप्रीम कोर्टाने २०१८ला ते मान्य केलं, २०२३ला नियम सोपे केले. माझ्या आईने स्वतःहून करून ठेवलंय, व्हेंटिलेटर लावायचा की नाही यावरून आम्हा भावंडांत आता वाद नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, एवढं पुरतं.

- एक वाचक, डोंबिवली