कोरियातली लोकशाही नुसत्या टायवाल्यांनी आणली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हुकूमशाही राजवटींवरच्या लेखमालेतला दक्षिण कोरियाचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की कारखाने वाढले, पैसा आला, शिकलेला मध्यमवर्ग तयार झाला आणि 1987 साली त्याने लष्करी राजवटीला नमवलं. पानभर लेखात कामगार हा शब्द मला दोनदा सापडला, दोन्ही वेळा 'स्वस्त' हे विशेषण लावून. मी गिरणी कामगाराचा मुलगा, त्यामुळे ते जरा लागलंच.

जून 1987 मध्ये सोलच्या रस्त्यांवर टाय लावलेले नोकरदार उतरले, हे खरं आहे. पण तोवर त्या रस्त्यावर बरंच काही होऊन गेलं होतं. 13 नोव्हेंबर 1970 ला सोलच्या कापडबाजारात कापड बेतणाऱ्या बावीस वर्षांच्या चॉन थे-इलने स्वतःला पेटवून घेतलं. मागणी काय, तर देशात जो कामगार कायदा आधीपासून आहे तो पाळा! इंचॉनच्या दाँगिल कापड गिरणीत बहुतेक कामगार मुली, युनियनचे पुढारी मात्र कायम पुरुष. 1972 मध्ये मुलींनी मतं देऊन बाई निवडून आणली. 1978 च्या फेब्रुवारीत पुन्हा निवडणूक आली, तेव्हा मत द्यायला निघालेल्या मुलींच्या अंगावर मालकाच्या बाजूच्या पुरुषांनी विष्ठा फेकली. पुढे सव्वाशेच्या आसपास मुलींना कामावरून काढलं. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क लोकांना उरला नव्हता, तिथे या पोरी गिरणीतल्या मतपेटीसाठी एवढं सोसत होत्या.

आणि त्याचा राजकारणाशी संबंध नव्हता असं म्हणावं, तर 1979 चा ऑगस्ट बघा. विग बनवणारा वायएच नावाचा कारखाना मालकाने बंद केला. तिथल्या मुली थेट विरोधी पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसल्या. पोलिसांनी आत घुसून त्यांना ओढून काढलं, त्यात एक मुलगी गेली. विरोधी पक्षनेते किम यंग-साम यांनी आवाज उठवला म्हणून त्यांची खासदारकी काढून घेतली, त्यावरून बुसान आणि मासान ही शहरं पेटली, आणि 26 ऑक्टोबरला हुकूमशहा पार्क चुंग-ही यांना त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळी घातली. अडीच महिन्यांत हे सगळं! लगेच दुसरा सेनाधिकारी येऊन बसला, ती गोष्ट वेगळी. पण पहिली काडी कोणी ओढली?

आता घरचं सांगतो. माझे वडील इथल्या, नागपूरच्या, एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. गेटजवळ युनियनचा काळा फळा असायचा. मीटिंग, वर्गणी, कोणाची मयत, सगळं खडूने लिहिलेलं. आणीबाणीत त्या फळ्यावर फक्त मयती उरल्या. सप्टेंबर 1975 मध्ये वटहुकूम निघाला आणि किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला. पहिला आकडा म्हणजे वर्षाकाठी एक पूर्ण पगार, दुसरा म्हणजे पंधरा दिवसांचाही नाही. त्या दिवाळीत बहिणीचा फ्रॉक शिवला, माझा सदरा राहिला. आई चिडली तर वडील म्हणाले, "आता काई बोलाचं नाही. हसू आलं तरी गिळाचं."

मग नागपूरचे कामगार गप्प का बसले? भ्याले म्हणून, हे अर्धंच उत्तर. वर्षभर आधी, मे 1974 मध्ये, रेल्वेचा संप वीस दिवसांत कसा चेचला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याहून मोठं कारण युनियनमध्येच होतं, असं मला वाटतं. इंटक ही कामगार संघटना तेव्हाच्या सत्ताधारी काँग्रेसची. आयटक ही दुसरी संघटना ज्या भाकपच्या, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या, बाजूची, तो पक्ष आणीबाणीच्या पाठीशी. मग गेटवर उभं राहून बोलणार कोण? याच नागपुरात 1929 साली नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकचं अधिवेशन झालं, तेव्हा कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला ब्रिटिशांनी नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्कार घालायचा की नाही यावरून संघटना दुभंगली होती. दुभंगली, पण उघड भांडून. 1977 ला देशभर काँग्रेस आपटली तरी नागपूरने तिचाच खासदार दिल्लीला पाठवला, हेही लपवण्यात अर्थ नाही. 8.33 टक्के बोनस परत मिळाला तो जनता सरकारकडून, आम्ही काही केलं म्हणून नव्हे.

कोरियातही सरकारच्या तालावरच्या युनियन होत्याच. फरक एवढा, की तिथल्या पोरींनी त्या आतून, एकेक मत मोजून, ताब्यात घ्यायला सुरुवात केली. म्हणून 1987 च्या जूनमध्ये निवडणुकीचं वचन मिळाल्यावर टायवाले घरी गेले, तरी जुलै ते सप्टेंबरमध्ये तीन हजारांवर संप झाले. उल्सानच्या ह्युंदाईत पगाराबरोबर एक मागणी होती, केस हवे तेवढे वाढवू द्या. तोवर कारखान्याच्या गेटवर पहारेकरी केसांची लांबी तपासत. लेखकाला ही मागणी किरकोळ वाटेल. मला नाही वाटत.

आमच्या वरच्या खोलीत बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा मुलगा भाड्याने राहतो. त्याला सहज विचारलं, तुमच्याकडे युनियन आहे का रे? म्हणाला, "काका, अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलते. कोणाविरुद्ध करू?"

लेखमालेत पुढे ब्राझील असेल, तर एक विनंती. 12 मे 1978 ला साओ पाउलोजवळच्या साब-स्कॅनियाच्या ट्रक कारखान्यात काय झालं ते जरूर छापा. लष्कराचं राज्य, संपावर बंदी. कामगार नेहमीसारखे पाळीवर आले, आपापल्या मशीनसमोर गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. एकानेही बटण दाबलं नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
इमामवाडा, नागपूर