विषाच्या वडीआधी भोके बुजवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात चेंबरमध्ये आणि मोकळ्या जागेतल्या बिळांत पाणी शिरले, की उंदीर-घुशी कोरड्या जागेच्या शोधात इमारतींकडे वळतात. पुढे गणपतीच्या साफसफाईसाठी माळे आणि दिवाण उघडले जातात, तेव्हा अनेक घरांत कुरतडलेल्या गोधडीच्या कापसात चक्क उंदराची पिले सापडतात. यावर पहिला उपाय ठरलेला असतो: कोपऱ्यावरच्या दुकानातून विषाची वडी आणायची, ती ओट्याखाली सरकवायची आणि वाट पाहायची. कर्वेनगरमधील एका सहकारी गृहरचना संस्थेची सचिव या नात्याने अशा तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात, आणि हा उपाय बहुतेक घरांत उलट्या क्रमाने केला जातो असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जेथून उंदीर आत येतो ते भोक बुजवण्याचे काम मात्र घरमालक, संस्था आणि भोक पाडणारा कारागीर या तिघांपैकी कोणीच आपले मानत नाही.

घरात नेमके कोण आले आहे हे आधी पाहावे, कारण त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. कपाटात आणि दिवाणात घर करतो तो बहुधा लहान घरउंदीर; त्याचे वजन पंधरा-वीस ग्रॅमच्या आसपास आणि लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांबीच्या असतात. मोठ्या उंदराच्या लेंड्या सव्वा-दीड सेंटिमीटरपर्यंत भरतात. घूस सहसा आवारात, चेंबरजवळ माती उकरून राहते. लांब नाकाडाची, भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळणारी चिचुंद्री तर उंदराच्या जातीची नाहीच. ती मुख्यतः झुरळे आणि किडे खाते, वायरी कुरतडत नाही. तरी तिच्या उग्र वासापायी बिचारी उंदरांबरोबर मारली जाते.

घरउंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर एका वेळी पाच-सहा पिले घालते आणि ती पिले सहा ते आठ आठवड्यांत स्वतः विण्याच्या वयाची होतात. घरउंदराला दिवसाकाठी तीन-चार ग्रॅम अन्न पुरते आणि फारसे पाणी न पिताही तो कोरड्या धान्यावर तग धरतो. आत शिरायला त्याला अवघी ६ मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढी फट लागते. ही शेवटची गोष्ट लक्षात घेतली, तर आपल्या इमारतींत तो चौथ्या मजल्यावर कसा पोहोचतो याचे कोडे उरत नाही. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींना आणि लाकडी पाटांना आपण उगाच दोष देतो. दहा-पंधरा वर्षांच्या सिमेंटच्या इमारतीही चाळणीसारख्या झालेल्या आहेत आणि हे आपणच केले आहे. पाइप गॅसची नळी आली तेव्हा एक भोक पडले, केबलसाठी दुसरे, फायबरच्या इंटरनेटसाठी तिसरे, वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांसाठी चांगले अडीच-तीन इंचांचे चौथे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठी ओट्याखाली पाचवे. प्रत्येक कारागीर ड्रिल मारतो, नळी किंवा वायर ओढतो, बिलावर सही घेतो आणि भोवतालची फट तशीच सोडून जिना उतरतो. जोडणी चालू झाली याच्या आनंदात आपणही मागे वाकून बघत नाही. डक्टमधल्या सांडपाण्याच्या पाइपवरून उंदीर सहज वर चढतो आणि वाटेतले प्रत्येक भोक त्याला एकेका स्वयंपाकघरात नेते. किचन ट्रॉल्यांनी यात भर घातली आहे. पूर्वी ओट्याखाली कडाप्प्याचे उघडे कप्पे असत आणि ते रोज पुसले जात. आता ट्रॉलीच्या पाठीमागे हातभर अंधारी, उबदार, कधीही न झाडली जाणारी पोकळी असते.

आमच्या स्वतःच्या घरी घरटे सापडले ते अशाच ट्रॉलीमागे. रद्दीचे बारीक कपटे, कापूस आणि नारळाच्या शेंड्या यांच्या गोळ्यात डोळे न उघडलेली पिले होती. बोलावलेल्या पेस्ट कंट्रोलच्या माणसाने ट्रॉली पूर्ण बाहेर काढण्याचे कष्ट न घेता चारही कोपऱ्यांत वड्या ठेवल्या, पावती दिली आणि तो निघून गेला. पुढे भिंतीच्या आतून जो वास येऊ लागला तो सहन करत स्वयंपाक करणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले त्यांनाच कळेल. मादी विषाने किंवा पिंजऱ्यात मेली आणि घरटे तसेच राहिले तर पिले तिथेच मरतात. म्हणून आधी घरटे शोधणे, मग वाट बंद करणे आणि मग आत राहिलेले उंदीर पकडणे हाच क्रम मला योग्य वाटतो.

विषांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ती बिस्किटाच्या पुड्याइतक्या सहजतेने घरी आणली जातात. बाजारात मिळणाऱ्या वड्यांत बहुधा ब्रोमाडायोलोन असते. ते रक्त गोठण्याची क्रिया थांबवते आणि उंदीर लगेच न मरता काही दिवसांनी, आपल्याला न दिसणाऱ्या जागी मरतो. मुलाने किंवा कुत्र्याने ती वडी खाल्ली तर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, पण त्यासाठी विष कोणते होते हे डॉक्टरांना सांगता आले पाहिजे. वेष्टन फेकून देऊ नये ते यासाठी. झिंक फॉस्फाइडची काळपट भुकटी पोटात गेल्यावर फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. ट्यूबमधून मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट सर्वांत दगाबाज. ती खाल्लेला माणूस पहिले एक-दोन दिवस बरा दिसू शकतो आणि नंतर त्याचे यकृत निकामी होते; तिच्यावरही उतारा नाही. लहान मूल असलेल्या घरात पावाच्या तुकड्याला ही पेस्ट लावून ठेवणे हा निव्वळ वेडेपणा आहे. शिवाय विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात गेला, तर आपल्यासाठी हेच काम फुकट करणारा प्राणी आपण मारतो.

घरात सापळाच बरा. उंदीर मिशा भिंतीला लावून कडेकडेने पळतो, म्हणून चाप खोलीच्या मध्ये न मांडता भिंतीशी काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा. आमिष भाजलेल्या खोबऱ्याचा किंवा भज्याचा लहानसा तुकडा असावा. तो मोठा असला तर उंदीर लांबूनच ओढून नेतो. घरउंदीर आपल्या घरट्यापासून फार दूर जात नाही, तेव्हा एकच पिंजरा हॉलमध्ये ठेवण्यापेक्षा दोन-तीन मीटरवर एकेक असे अनेक चाप खुणा दिसतात तिथे लावणे उपयोगी ठरते. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी काही दिवस चाप न ताणता नुसते आमिष ठेवावे लागते. चिकट पुठ्ठ्याचा मात्र मी विरोध करते. त्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडून मरतो आणि घरातल्या पाली व चिमण्याही त्यात सापडतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्येच असे सापळे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या विरोधात असल्याचे राज्यांना कळवले होते. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवण्याची आपल्याकडची जुनी रीतही याहून दयाळू नाही. पकडलेला उंदीर पहाटे टेकडीवर किंवा नदीकाठी सोडणाऱ्यांच्या भूतदयेबद्दल मला आदर आहे, तरी जवळ सोडलेला परत येतो किंवा शेजारच्या गल्लीला मिळतो आणि लांब सोडलेला अनोळखी जागी सहसा जगत नाही. नीट चालणारा चाप क्षणात काम करतो, हे कटू असले तरी मान्य करावे. अल्ट्रासोनिक आवाजाच्या यंत्रांवर पैसे घालवू नयेत. तो आवाज भिंतीतून वा फर्निचरमधून पार होत नाही आणि उंदीर त्याला लवकर सरावतात.

घरटे सापडल्यावर आपल्याकडे पहिला हात जातो तो केरसुणीकडे, आणि तिथेच धोका आहे. सुक्या लेंड्या आणि मूत्राने भिजून वाळलेली धूळ झाडली की ती हवेत उडते. खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी, हातमोजे आणि मास्क घालावा, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण घरट्यावर व लेंड्यांवर शिंपडून पाचेक मिनिटे थांबावे आणि मग कागदाने टिपून घ्यावे. या द्रावणात संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे आणि विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात, म्हणून कुरतडलेले धान्य ‘निवडून घेऊ’ असे म्हणणाऱ्या माझ्या पिढीतल्या गृहिणींनी ते मन घट्ट करून टाकून द्यावे. वर्षाचे गहू भरायचे तर पत्र्याच्या झाकणबंद कोठीत भरावेत. पोते आणि पातळ प्लास्टिकचे डबे उंदराला अडवत नाहीत. मेलेला उंदीर दोन पिशव्यांत बांधून, वर लिहून वेगळा द्यावा. आपला कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या भगिनी हाताने वेगळा करतात, याचा विसर पडू नये.

पुण्याला उंदीर आणि रोगराई यांचे नाते नवे नाही. १८९७ च्या प्लेगच्या साथीत घरांची झडती झाली, सामान रस्त्यावर आले, जंतुनाशके फवारली गेली. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. रोग उंदरावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो हे सायमंड या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले. त्या काळी रोगाची वाटच ठाऊक नव्हती, म्हणून घाव भलतीकडे पडत होते. आज ६ मिलिमीटरची वाट आपल्याला ठाऊक आहे.

ती बुजवण्याची रीत साधी आहे. भांडी घासायची तारेची घासणी फटीत घट्ट कोंबून वर सिमेंट भरावे. चिंध्या, थर्माकोल किंवा नुसता फोम उंदीर एका रात्रीत कुरतडून मोकळा करतो. मोरीच्या नहाणी ट्रॅपवर आणि डक्टमध्ये उघडणाऱ्या झरोक्यांवर पाव इंची वेल्डेड जाळी बसवावी, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी लावावी. हे घरापुरते झाले. डक्ट, चेंबरची झाकणे आणि बाहेरच्या सांडपाण्याच्या वाहिन्या ही गृहरचना संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, संस्थेची जबाबदारी आहे, आणि एका घराने भोके बुजवून शेजारच्याने उघडी ठेवली तर उंदीर फक्त पत्ता बदलतो. म्हणून माझी इतर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना सूचना आहे की वार्षिक सभेत एक साधा ठराव करावा: इमारतीच्या भिंतीला भोक पाडणाऱ्या कोणत्याही कंपनीला परवानगी देताना ते सिमेंटने बुजवण्याची अट लेखी घालावी आणि संस्थेच्या माणसाने ते काम पाहिल्याखेरीज काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नये.

महापालिकेकडेही एक मागणी आहे. पेठांतले वाडे आणि कोथरूड-कर्वेनगर भागातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासासाठी पाडल्या जातात, तेव्हा तिथले उंदीर शेजारच्या इमारतींत आसरा शोधतात. पाडकामाची परवानगी देतानाच, आधी त्या जागेवर उंदीर-घुशींचा बंदोबस्त करणे आणि जुनी चेंबर्स व वाहिन्या पक्क्या बंद करणे या दोन अटी विकासकावर घालाव्यात, आणि त्या पाळल्याचे क्षेत्रीय कार्यालयाने प्रत्यक्ष जागेवर पाहून नोंदवावे. याचा खर्च प्रकल्पाच्या मानाने नगण्य असेल, आणि आज तो शेजारची कुटुंबे आपल्या खिशातून भरत आहेत.

आपली नम्र,
एक वाचक,
कर्वेनगर, पुणे